बोगस गिऱ्हाईक, एकट्याची साक्ष आणि अपिलाचा हक्क

पनवेल परिसरातले कोणतेही दैनिक उघडा आणि गुन्हेगारीच्या बातम्यांचे पान वाचा. अंमली पदार्थांच्या कारवाईची बातमी जवळपास ठरलेल्या शब्दांतच असते. खात्रीलायक बातमीदाराकडून माहिती मिळाली, पथकाने सापळा रचला, बोगस गिऱ्हाईक पाठवले, इशारा मिळताच झडप घातली, दोन पंचांसमक्ष झडती घेतली, इतके ग्रॅम एमडी किंवा इतके किलो गांजा हस्तगत केला. मग आरोपीचे नाव, वय आणि 'राहणार अमुक झोपडपट्टी'. बातमी तिथेच संपते. त्या मुलाचे पुढे काय झाले, खटला किती वर्षे चालला, पंच साक्षीला आले का, शिक्षा अपिलात टिकली का, याची बातमी कधी येत नाही. वस्तीने मात्र त्याच दिवशी निकाल लावलेला असतो: "पोरगं गेलं कामातून."

आम्ही आंबेडकरी कार्यकर्ते या बातमीकडे कसे पाहतो? खरे सांगायचे तर पाहतच नाही. अॅट्रॉसिटीचा गुन्हा असला की आम्ही पोलीस ठाण्यावर जातो, मोर्चा काढतो. पण ड्रग्जच्या केसमध्ये आपला मुलगा अडकला की आम्हीही लाजेने मान खाली घालतो. या लेखातून आम्हाला एवढेच मांडायचे आहे की अशा केसमध्ये अपील हा आरोपीचा हक्क आहे, ती न्यायालयाने दाखवलेली दया नव्हे. आणि हा हक्क कागदावर असून चालत नाही, तो कुणीतरी संघटितपणे लढवावा लागतो. हे समजून घेण्यासाठी आधी अमेरिकेतल्या एका छोट्या गावाचा इतिहास वाचू.

टुलिया, २३ जुलै १९९९

टेक्सस राज्यातले टुलिया हे जेमतेम पाच हजार वस्तीचे शेतकरी गाव. २३ जुलै १९९९ रोजी पहाटे पोलिसांनी तिथे घराघरांत घुसून माणसे उचलली. काहींना अंतर्वस्त्रांतच रस्त्यावरून नेले आणि कॅमेऱ्यांसमोर उभे केले. एकूण ४६ जणांवर कोकेन वगैरे विकल्याचे आरोप ठेवले गेले. त्यातले बहुसंख्य काळे होते. गावातल्या काळ्या लोकसंख्येचा जवळपास दहावा हिस्सा एका सकाळी आरोपी झाला. उरलेले जे थोडे गोरे होते, त्यांतल्या बहुतेकांचे काळ्या कुटुंबांशी नातेसंबंध किंवा मैत्री होती.

पुरावा काय होता? टॉम कोलमन नावाचा एक गोरा पोलीस. तो दीड वर्ष वेश पालटून त्या वस्तीत वावरला आणि आपण शंभरावर वेळा ड्रग्ज विकत घेतले, असे त्याने सांगितले. त्याच्या सोबत दुसरा पोलीस नव्हता. ध्वनिमुद्रण नव्हते, चित्रीकरण नव्हते. नोंदी आपण आपल्या पायावर लिहून ठेवत होतो, असे तो कोर्टात म्हणाला. आणि ज्या पहाटे एवढ्या घरांवर छापे पडले, त्या पहाटे कुणाच्याही घरात ड्रग्ज, मोठी रोकड किंवा हत्यारे सापडली नाहीत. व्यापारी एवढे मोठे आणि माल मात्र कुठेच नाही, हा प्रश्न ज्युरीला पडला नाही. कारण ज्युरीत जवळपास सगळे गोरेच होते.

पहिल्या खटल्यांत भयंकर शिक्षा झाल्या. डुकरे पाळून जगणाऱ्या, साठीकडे झुकलेल्या एका काळ्या शेतकऱ्याला ९० वर्षांची शिक्षा झाली. कधीही गुन्हा न केलेल्या एका तरुणाला २० वर्षांची झाली. या शिक्षा पाहून बाकीचे हादरले. निर्दोष असूनही अनेकांनी गुन्हा कबूल करून कमी शिक्षा पदरात पाडून घेतली. एकूण ३८ जण दोषी ठरले. त्याच काळात कोलमनला टेक्सस राज्याचा वर्षातला उत्कृष्ट पोलीस म्हणून पुरस्कार मिळाला.

मग अपिले झाली. आणि सुरुवातीला ती फेटाळली गेली. हा भाग आपण नीट लक्षात ठेवला पाहिजे. अपील कोर्ट सहसा साक्षीदाराची विश्वासार्हता नव्याने तोलत नाही. खालच्या कोर्टाने विश्वास ठेवला म्हणजे ठेवला. त्यामुळे एकट्याच्या साक्षीवर झालेली शिक्षा वरच्या कोर्टातही तशीच सरकत जाते.

टुलियात हे चक्र तुटले ते कागदांमुळे. एका आरोपी बाईने, कोलमन म्हणतो त्या दिवशी आपण शेजारच्या राज्यात ओक्लाहोमा सिटीत होतो, हे बँकेच्या व्यवहाराच्या नोंदीवरून दाखवले. तिचा खटला २००२ मध्ये मागे घ्यावा लागला. दुसऱ्या एकाचे कामावरचे हजेरीचे कार्ड आणि मालकाची साक्ष त्याच्या बाजूने उभी राहिली. कोलमनचा पूर्वेतिहासही बाहेर आला. आधीच्या नोकरीच्या ठिकाणी त्याच्यावर चोरीचा आरोप होता आणि टुलियातली गुप्त मोहीम चालू असतानाच त्या प्रकरणात त्याच्यावर वॉरंट निघाले होते. ही माहिती बचाव पक्षाला वेळेवर दिली गेली नव्हती.

जवळच्या अमरिलो शहरातला वकील जेफ ब्लॅकबर्न आणि 'एनएएसीपी लीगल डिफेन्स फंड' या संस्थेची, भारतीय वंशाची नवखी वकील वनिता गुप्ता यांनी मोठमोठ्या वकील संस्थांना सोबत घेऊन नव्याने अर्ज केले. टेक्ससच्या सर्वोच्च फौजदारी अपील न्यायालयाने पुरावा तपासण्याचा आदेश दिला. मार्च २००३ मध्ये निवृत्त न्यायाधीश रॉन चॅपमन यांच्यासमोर कोलमनची उलटतपासणी झाली आणि त्यात तो उघडा पडला. शपथेवरही हा साक्षीदार विश्वासार्ह नाही, हे सरकारी पक्षालाच मान्य करावे लागले. जूनमध्ये तुरुंगात उरलेले लोक जामिनावर सुटले. २२ ऑगस्ट २००३ रोजी राज्यपाल रिक पेरी यांनी ३५ जणांना माफी दिली. पुढे अमरिलो शहराने ५० लाख डॉलर भरपाई मान्य केली आणि ते गुप्त पोलीस पथक मोडीत निघाले.

कोलमनचे काय झाले? २००५ साली त्याला खोटी साक्ष दिल्याबद्दल दोषी ठरवले गेले. तेही त्या चोरीच्या प्रकरणाबाबत खोटे बोलल्याबद्दल. शिक्षा काय, तर दहा वर्षे देखरेखीखाली मोकळे राहणे. ज्यांना त्याने आत पाठवले त्यांनी चार-चार वर्षे तुरुंग भोगला. तो तुरुंगात गेला नाही.

हे आपले का आहे

कुणी विचारेल, टेक्ससचे पनवेलला काय? १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्या चळवळीचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. आपली आणि त्यांची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा अभ्यास आपल्यासाठी आवश्यक आहे, असा त्या पत्राचा आशय होता. ज्या एनएएसीपीच्या स्थापनेत डु बॉइस होते, तिच्यातूनच १९४० साली थर्गुड मार्शल यांनी हा लीगल डिफेन्स फंड उभा केला आणि त्याच फंडाने साठ वर्षांनी टुलियाचे लोक सोडवले. १९७२ साली आपल्या पोरांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले, तेही याच नात्याने. तेव्हा टुलिया वाचणे हा आमच्यासाठी परदेशाचा कौतुकसोहळा नाही. बाबासाहेबांनी सांगितलेलाच तो अभ्यास आहे.

आणि 'ही माणसे गुन्हेगारच असतात' हा समज आपल्याकडे तर कायदा करून रुजवला गेला. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. त्या शिक्क्यातून कागदोपत्री सुटका झाली ती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पण पोलीस ठाण्याच्या डोक्यातून शिक्का गेला का? नाशिक सत्र न्यायालयाने दरोडा, खून आणि बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी सुनावली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली आणि दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने आधीचा निर्णय मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला झाला. सोळा वर्षे आत काढलेल्या माणसांचा हिशेब पाच लाखांत मिटला. ही केस ड्रग्जची नव्हती. पण 'अपील' या शब्दामागे किती आयुष्य टांगलेले असते, हे कळायला ती पुरेशी आहे.

बोगस गिऱ्हाईकही काही एमडीबरोबर आले नाही. दारूबंदीच्या, मटक्याच्या आणि जुगाराच्या धाडींत मुंबई इलाख्यातल्या पोलिसांनी ते कधीपासून वापरले आहे. जुगाराच्या केसमध्ये त्याला 'बोगस पंटर' म्हणतात. खुणेची नोट द्यायची, व्यवहार झाला की इशारा करायचा आणि छापा टाकायचा. पद्धत तीच आहे. बदलली ती शिक्षा. मटक्यात दंड किंवा थोडी कैद होती. एनडीपीएसमध्ये तीच पद्धत माणसाला दहा ते वीस वर्षे आत टाकते.

कायदा कसा कडक होत गेला

एनडीपीएस कायदा १९८५ च्या नोव्हेंबरात लागू झाला. १९८९ च्या दुरुस्तीने तो अधिक कठोर केला. जामिनासाठी कलम ३७ च्या दोन अटी आल्या. आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो गुन्हा करणार नाही, याबद्दल कोर्टाची खात्री पटली पाहिजे. म्हणजे खटला सुरू होण्याआधीच निर्दोषत्व दाखवा. २००१ साली मालाच्या वजनानुसार शिक्षेच्या पायऱ्या ठरल्या. एमडीची व्यापारी मात्रा ५० ग्रॅम, हेरॉईनची २५० ग्रॅम, चरसाची एक किलो, गांजाची २० किलो. त्यावर गेलात की किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. कलम ३५ आणि ५४ आरोपीच्या विरोधात गृहीतके मांडतात. माल ताब्यात होता हे एकदा सिद्ध झाले की तो जाणूनबुजून बाळगला नव्हता, हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. आणि कलम ६८ नुसार बातमी कुठून मिळाली हे सांगायला अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही. म्हणजे खात्रीलायक बातमीदार कोण, हे कोर्टालाही कळणार नाही.

आता टुलियाशी तुलना करा. तिथे निदान कोलमन समोर उभा होता, त्याची उलटतपासणी झाली. इथे गोष्टीतला पहिला माणूस, बातमीदार, कायद्यानेच पडद्याआड. दुसरा, बोगस गिऱ्हाईक, पोलिसांचा माणूस. उरला तिसरा, पंच. तो स्वतंत्र असावा अशी अपेक्षा. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा पोलिसांच्या ओळखीचाच निघतो किंवा साक्षीच्या वेळी फितूर होतो. आणि फक्त पोलिसांच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकत नाही, असा नियम आपल्याकडे नाही. साक्ष विश्वासार्ह वाटली तर ती पुरते.

पोलिसांनीच गुन्हा करायला भाग पाडले, असा स्वतंत्र बचावही आपल्या दंडविधानात नाही. १९५४ साली विंध्य प्रदेशच्या एका माजी मंत्र्याच्या लाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सापळ्यावर टीका केली होती. लाच देणाऱ्याकडे पैसे नसताना पोलिसांनीच ते पुरवून लाच घडवून आणणे समर्थनीय नाही, असा त्या टीकेचा रोख होता. पण शिक्षा कायम राहिली. तेव्हापासून आजवर न्यायालये सापळ्याबद्दल नापसंती अधूनमधून व्यक्त करतात, पण सापळा लावला एवढ्यावरून आरोपी सुटत नाही.

मग वाचवते काय? वाचवते ती कार्यपद्धती. इतका कठोर कायदा करताना संसदेने काही कुंपणेही घातली. कलम ४२ सांगते की मिळालेली बातमी लिहून ठेवा आणि वरिष्ठाला कळवा. कलम ५० सांगते की अंगझडतीपूर्वी माणसाला सांगा, राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेण्याचा तुला हक्क आहे. कलम ५२-अ मुद्देमालाची यादी आणि नमुने मॅजिस्ट्रेटसमोर प्रमाणित करायला सांगते. कलम ५७ नुसार अटक आणि जप्तीचा अहवाल ४८ तासांत वरिष्ठाकडे गेला पाहिजे. कारणाशिवाय, छळासाठी झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही कलम ५८ खाली शिक्षा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

टुलियात छापा पडला त्याच्या दोनच दिवस आधी, २१ जुलै १९९९ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 'पंजाब राज्य विरुद्ध बलदेव सिंग' हा निकाल दिला होता. शिक्षा जितकी कठोर तितकी कार्यपद्धती काटेकोर पाळली पाहिजे, आणि झडतीचा हक्क सांगितलाच नसेल तर केवळ त्या झडतीतल्या मालावर उभी असलेली शिक्षा टिकणार नाही, हे त्यात स्पष्ट झाले. २०१० च्या ऑक्टोबरात दुसऱ्या घटनापीठाने हेच पुन्हा ठासून सांगितले. पण मध्येच, २००५ मध्ये, हे कलम अंगझडतीला लागू आहे, हातातल्या पिशवीला नाही, असा निकाल आला. अंगावर काही सापडले की कलम ५० लागू, पिशवीत सापडले की नाही. माल अंगावर सापडला की पिशवीत, हे लिहिणार कोण? पंचनामा लिहिणाराच.

२०१८ साली तीन न्यायाधीशांनी सांगितले की फिर्यादी पोलीस आणि तपासी अधिकारी एकच असेल तर तपास निष्पक्ष मानता येणार नाही. ३१ ऑगस्ट २०२० रोजी पाच न्यायाधीशांनी ते रद्द ठरवले. दोनच महिन्यांनी, २९ ऑक्टोबर २०२० रोजी, 'तुफान सिंग' निकालात दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ठरले की कलम ६७ खाली अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. म्हणजे कायदा लागू झाल्यापासून पस्तीस वर्षे असे जबाब वापरून माणसे तुरुंगात गेली. त्यांच्यापैकी ज्यांची अपिले संपली होती, त्यांच्यासाठी हा निकाल उशिरा आला.

अपील चालेपर्यंत कोण आत राहणार

यात महाराष्ट्राचा एक निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावा. १९८९ च्याच दुरुस्तीने कलम ३२-अ आणले होते. एनडीपीएसमधली शिक्षा कुणीही स्थगित करू नये, कमी करू नये, असे ते कलम सांगत होते. शिक्षेत माफी तर नाहीच, पण अपील पडून असतानाही कोर्टाला शिक्षा थांबवता येणार नाही. समजा दहा वर्षांची शिक्षा झाली आणि अपिलाची सुनावणी आठव्या वर्षी आली. निर्दोष ठरलात तरी आठ वर्षे गेलेलीच. अशा अपिलाला अर्थ काय?

'दादू ऊर्फ तुलसीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात १२ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कोर्टाचा अधिकार हिरावून घेते तेवढ्यापुरते घटनाबाह्य ठरवले. अपील ऐकणाऱ्या कोर्टाला शिक्षा स्थगित करण्याचा अधिकार परत मिळाला, मात्र कलम ३७ च्या अटींच्या अधीन राहून. सरकारने शिक्षेत सूट न देण्याची बंदी कायम राहिली. पुढे जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच कायद्यातली सक्तीची फाशी मोडीत काढली. दुसऱ्यांदा दोषी ठरला म्हणून फाशीच, असे न्यायाधीशावर बंधन घालता येणार नाही, असे ते म्हणाले. अशा प्रकारचा तो महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच आला. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'मोहम्मद मुस्लिम' प्रकरणात सात वर्षांहून अधिक काळ कच्च्या कैदेत असलेल्याला जामीन दिला आणि खटला रेंगाळत असेल तर कलम ३७ आडवे येऊ शकत नाही, हे मान्य केले.

निकाल आहेत. पण ते तुरुंगाच्या दारापर्यंत पोहोचतात का? पनवेल तालुक्यातच तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. भीमा-कोरेगाव प्रकरणात प्रा. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, शरण गेले आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनी, याच तळोजातून जामिनावर बाहेर आले. त्यांच्या पाठीशी देशभरातले लोक होते, नामांकित वकील होते, तरी यूएपीएच्या जामीन अटींमुळे अडीच वर्षांहून अधिक काळ लागला. त्या अटी एनडीपीएसच्या कलम ३७ च्याच जातकुळीतल्या आहेत. मग ज्याच्या पाठीशी फक्त आई आहे, आणि तीही धुणीभांडी सोडून तारखेला येते, त्या मुलाचे काय? २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता.

याच काळात वेगळेही घडलेले आपण पाहिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझवर धाड पडली आणि एका मोठ्या सिनेनटाच्या मुलाला अटक झाली. त्याच्याजवळ काही सापडले नव्हते. त्याला महिन्याच्या आत उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. आदेशात तुफान सिंग निकालाचा आधार होता. मे २०२२ मध्ये त्याच्यावर आरोपपत्रच दाखल झाले नाही. जामीन मिळाला हे योग्यच झाले. त्या मुलालाही केवळ संशयावर आत ठेवणे अन्याय होता. आमचा प्रश्न एवढाच की तोच तुफान सिंग निकाल खांदा कॉलनीच्या, तक्क्याच्या, कळंबोलीच्या मुलाच्या जामीन अर्जात कुणी लिहितो का?

आणि मोठा माल कुठून येतो? जुलै २०२२ मध्ये पनवेलजवळच्या अजिवलीत एका कंटेनरच्या दरवाजाच्या पोकळीत लपवलेले सुमारे ७२ किलो हेरॉईन पोलिसांनी पकडले. बाजारभावाने साडेतीनशे कोटींहून अधिक. न्हावा-शेवा बंदर शेजारी, मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा रस्ते इथूनच फुटतात. हा माल झोपडपट्टीतल्या पोराने समुद्रापार मागवलेला नसतो. पोराच्या खिशात सापडतात त्या शेवटच्या पुड्या. बोगस गिऱ्हाईक पुडी विकणाऱ्यापर्यंत पोहोचते. कंटेनर मागवणाऱ्यापर्यंत पोहोचायला वेगळा तपास लागतो.

बाबासाहेब आणि अपील

आपल्या चळवळीने अपील हा शब्द कोर्टातच शिकला आहे. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाबद्दल दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खालच्या कोर्टाने शिक्षा ठोठावली, तेव्हा १९२६ साली पुण्याच्या सेशन्स कोर्टात त्यांचे अपील बाबासाहेबांनी चालवले आणि त्यांना सोडवले. जवळकर-जेधे ब्राह्मणेतर चळवळीचे होते, बाबासाहेबांच्या पक्षाचे नव्हते. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'चे र. धों. कर्वे यांच्यासाठी ते उच्च न्यायालयात उभे राहिले आणि तिथे हरले. हरणार असलेल्या, बदनाम ठरलेल्या माणसासाठीही वकील उभा राहिला पाहिजे, हे त्यांनी करून दाखवले.

घटना समितीतही हाच धागा दिसतो. कलम २१ मधून कायद्याच्या उचित प्रक्रियेची हमी निसटली, याची खंत असल्याने १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी अटकेच्या वेळचे हक्क देणारे नवे कलम मांडले. आजचे कलम २२ ते हेच. अटकेची कारणे सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा. फौजदारी अपिलांवरच्या चर्चेत ३ जून १९४९ रोजी, फाशीच्या प्रत्येक शिक्षेवर सर्वोच्च न्यायालयात अपील द्यावे का, यावर बोलताना आपण त्यापेक्षा फाशीच रद्द करणे पसंत करू, अशी भूमिका त्यांनी मांडली. एकदा दिलेली चूक दुरुस्त करता आली पाहिजे. अपिलाचा सगळा पाया तोच.

"ड्रग्जवाल्यांची बाजू घेता काय?"

हा प्रश्न वस्तीतूनच येणार, आणि तो प्रामाणिक आहे. एमडीने आपल्या वस्त्या पोखरल्या आहेत. ज्या घरात हे शिरले त्या घरातल्या आईने काय भोगले, ते आम्हाला माहीत आहे. जो विकतो त्याला आम्ही पाठीशी घालणार नाही. पण खोट्या केसने वस्तीतली एक पुडी तरी कमी होते का? टुलियाच्या छाप्यात ४६ जण धरले गेले आणि एक ग्रॅमही हाती लागला नाही. खोट्या केसने खरा विक्रेता सुरक्षित राहतो, पोलिसांचा आकडा पूर्ण होतो आणि आपल्यातला एक माणूस कमी होतो. ज्याला खरोखर व्यसन आहे त्याला उपचार हवेत. कायद्यातही उपचार घेणाऱ्या व्यसनींसाठी कलम ६४-अ आहे. आणि जो खरोखर विकतो, त्याचा गुन्हा पुराव्याने सिद्ध होऊ द्या. पुरावा खरा असेल तर कार्यपद्धती पाळल्याने त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते बनावट पुराव्याचे.

म्हणून काम ठरवू. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मिळतो. तो मागावा लागतो. शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत ६० दिवसांची आहे. तुरुंगात असलेला माणूस तुरुंग अधिकाऱ्यामार्फतच अपील पाठवू शकतो. जुन्या संहितेतले कलम ३८३, नव्या संहितेत ४२४. शिक्षा स्थगितीचा अर्ज कलम ४३० खाली. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक आहे, कलम १०५. तेव्हा ते मुद्रण मागा. पंचनाम्याची प्रत मागा. पंच आधी कोणकोणत्या केसमध्ये पंच होता, ते विचारा. बोगस गिऱ्हाइकाची नोंद स्टेशन डायरीत आहे का, नमुना कोणत्या तारखेला सील झाला आणि प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोहोचला, मधले दिवस तो कुठे होता, ते पाहा. आपल्या माणसाची त्या दिवसाची हजेरी, रेल्वे पास, यूपीआयचा व्यवहार, सीसीटीव्ही, सगळे पहिल्या आठवड्यातच गोळा करा. टुलियात बँकेच्या एका कागदाने काम केले होते.

पनवेल परिसरातल्या आपल्या विधी शिकणाऱ्या मुलामुलींनी एवढे केले तरी फार आहे. प्रत्येक वस्तीत दोघे असे असावेत, ज्यांना हे पाच-सहा कलमांचे क्रमांक आणि साठ दिवसांची मुदत पाठ आहे. जयंतीच्या वर्गणीतून एखाद्या अपिलाच्या कागदपत्रांचा खर्च निघू शकतो. डीजेचा आवाज थोडा कमी झाला तरी बाबासाहेबांचा आवाज त्याने कमी होणार नाही.

टुलियाच्या माणसांना राज्यपालाची माफी मिळाली, पण त्याआधी कुणीतरी त्यांच्या केसचे कागद वाचले होते. आपल्या केसचे कागद आपणच वाचायला शिकलो पाहिजे.

जय भीम! जय संविधान!